पल्स लागतेय, म्हणून हात ठीक आहे असं नाही

भाजलेल्या हाताच्या रेफरल नोटवर नुसतं ‘रेडियल पल्स लागते’ एवढंच लिहिलेलं असलं, तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. किती वाजता लागली? सूज किती होती? बोटं हलत होती का, बोटांच्या टोकांना डॉप्लर (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं लहान यंत्र) लावून पाहिला का? कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे सुजेने आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा, मनगटाची नाडी अगदी शेवटी जाते. ती जाईपर्यंत आतल्या स्नायूंचा बराचसा निकाल लागलेला असतो.

आपल्याकडे हे पेशंट कुठून येतात ते पाहिलं की अडचण कळते. ठाणे-बेलापूर रोडचा टीटीसी औद्योगिक पट्टा, तळोजा, डोंबिवली एमआयडीसी, भिवंडीची डाइंग-प्रोसेसिंग युनिट्स, शिवाय घरातले गॅसचे भडके. पेशंट आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो, मग कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा सिव्हिलला, आणि तिथून कदाचित ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला. बर्न्स युनिटमध्ये पोचल्यावर बघणारे डोळे सरावलेले असतात. हात जातो तो त्याआधीच्या पाच-सहा तासांत, म्हणून हे लिखाण मुख्यतः त्या तासांत पेशंटजवळ उभ्या असणाऱ्या आरएमओ (निवासी डॉक्टर), सिस्टर आणि कंपनीच्या फर्स्ट एडवाल्यांसाठी आहे. नातेवाइकांनीही वाचावं, कारण बांगडी काढायला नको म्हणणारे बहुतेक वेळा तेच असतात.

आत काय होतं

त्वचा पूर्ण जाडीने भाजली की तिची लवचीकता संपते. ती सुकलेल्या चामड्यासारखी कडक होते, यालाच एस्कार म्हणतात. असा एस्कार हाताभोवती किंवा पायाभोवती गोल फिरला असेल आणि आत सूज वाढत असेल, तर ती सूज बाहेर पसरू शकत नाही. दाब आत वाढतो. आधी शिरा दबतात, म्हणजे रक्त आत येतं पण परत जात नाही, त्यामुळे सूज आणखी वाढते. मग केशवाहिन्या बंद पडतात आणि स्नायूंना, नसांना रक्त मिळेनासं होतं. मोठ्या धमनीत दाब भरपूर असतो, त्यामुळे ती या सगळ्यात धडधडत राहते. नाडीवर विसंबू नका म्हणतात ते यासाठी.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. वरची भाजलेली कातडी आवळते, तो एक प्रकार. त्यावर कातडीला काप दिला की भागतं, त्याला एस्कॅरॉटॉमी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात कातडीखालचं फॅसियाचं आवरण आणि हाड यांच्यामध्ये स्नायूच सुजतो. तिथे नुसती कातडी उघडून उपयोग नाही, फॅसिया उघडावा लागतो. ती फॅसिओटॉमी. आगीने भाजलेल्यांत बहुतेक वेळा पहिला प्रकार असतो. विजेच्या धक्क्यात, गरम रोलरमध्ये हात सापडून भाजणं आणि चिरडणं एकत्र झालं असेल तेव्हा, किंवा पहिला प्रकार तासन्‌तास तसाच राहिला असेल तर दुसरा.

सूज लगेच येत नाही हा यातला मोठा फसवा भाग. पहिल्या काही तासांत ती सुरू होते, सलाइन चालू झालं की जोर धरते आणि साधारण १२ ते ३६ तासांत कळस गाठते. दुपारी दोनला भाजलेला माणूस चारला बोलतो, बोटं हलवतो, पाणी मागतो. रात्री दहाला त्याच हाताची बोटं टम्म आणि ताठ झालेली असतात. मधे ड्यूटी बदललेली असते. नव्या सिस्टरला ‘हात ठीक आहे’ असं सांगितलेलं असतं, आणि चार वाजता ते खरंही होतं.

स्नायू रक्ताशिवाय साधारण चार ते सहा तास तग धरतात. सहा-आठ तासांपलीकडे नुकसान बहुधा कायमचं. मेलेला स्नायू पुढे आकसतो, मनगट वाकतं, बोटं पंजासारखी आत वळतात. रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये याचं वर्णन केलं होतं, ते घट्ट बांधलेल्या पट्ट्यांमुळे झालेल्या केसेस पाहून. घट्ट पट्ट्या आजही बांधल्या जातात.

आल्या आल्या

अंगठी, बांगड्या, पाटल्या, घड्याळ, कडं, जोडवी, पैंजण, लहान मुलांचे वाळे, मनगटातला लाल दोरा, पायातला काळा दोरा, सगळं काढायचं. भाजलेल्या हातावरचं तर काढायचंच, पण न भाजलेल्या हातावरचंही काढावं, कारण मोठ्या भाजण्यात सूज सगळ्या अंगावर येते. काचेच्या बांगड्या फोडताना खाली ओलं गॉझ सरकवा, नाहीतर काच जखमेत जाते. अंगठी निघत नसेल तर रिंग कटर, तो नसेल तर कंपनीच्या मेंटेनन्सवाल्याकडचा लहान कटर चालतो, फक्त खाली धातूची पट्टी सरकवून आणि पाणी टाकत कापायची. लग्नातली अंगठी आहे म्हणून थांबणं परवडत नाही. सोनं पुन्हा जोडून मिळतं.

भाजल्यावर तीन तासांच्या आत असाल तर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ नको. मोठं भाजणं किंवा लहान मूल असेल तर अंग गार पडू देऊ नका. टूथपेस्ट, शाई, हळद, कॉफी पावडर यांवर आधीच खूप बोलून झालंय, पण या विषयात त्यांचा वेगळा तोटा आहे: कातडीचा आणि नखांचा रंगच दिसत नाही. पांढऱ्या सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीमचा जाड थर देऊन पेशंट पुढे पाठवला तरी तेच होतं. रेफर करायचंच असेल तर जखमेवर क्रीम नको, स्वच्छ चादर किंवा क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) पुरे. क्लिंग फिल्म लांबीच्या दिशेने वरून ठेवायची. हाताभोवती गुंडाळली की सुजेबरोबर तिचाच फास होतो. रोलर बँडेजचंही तसंच. बोटांची टोकं, नखं उघडी ठेवा. जे दिसत नाही ते कोणी तपासत नाही.

त्या हाताला बीपीचा कफ लावू नका, विशेषतः दर पाच मिनिटांनी आपोआप फुगणारा. शीर शोधायला बांधलेलं टूर्निके काढलंय याची खात्री करा. पट्टीखाली राहून गेलेलं टूर्निके ऐकायला अशक्य वाटतं, घडतं मात्र.

काय बघायचं, काय नाही

पुस्तकात पाच-सहा ‘पी’ असतात, म्हणजे इंग्रजीत पी अक्षराने सुरू होणारी लक्षणं. भाजलेल्या हातावर त्यातले निम्मे निकामी. फिकटपणा एस्कारखाली दिसत नाही. स्पर्शाची जाणीव पूर्ण जाडीच्या भाजण्यात आधीच गेलेली असते. वेदना मॉर्फिन, ट्रामाडॉल किंवा केटामीनखाली दबलेली असते, व्हेंटिलेटरवरचा पेशंट तर सांगूच शकत नाही. मग उरतं काय?

बोटं हळूच सरळ करून पाहा. दुसऱ्याने बोट ताणल्यावर कोपर ते मनगट या भागात खोल कळ येत असेल तर ते सगळ्यात लवकरचं आणि मोलाचं लक्षण. पायात अंगठा वर-खाली करून पाहायचं. ‘हात जड झालाय’, ‘मुंग्या येतायत’, ‘आतून फुटेल असं वाटतंय’ असं पेशंट म्हणाला की ते जसंच्या तसं लिहून ठेवा. वेदनेच्या औषधाचा डोस वाढवत न्यावा लागत असेल, तर आधी हात उघडून बघा, मग इंजेक्शन भरा. हात दाबून पाहा: मऊ सूज वेगळी आणि लाकडासारखा ताठ हात वेगळा.

डॉप्लर असेल तर मनगटावर थांबू नका. तळहाताची कमान आणि बोटांच्या कडा ऐका, पायात घोट्यामागची आणि पावलाच्या पाठीवरची धमनी. ज्या जागी आवाज मिळाला तिथे मार्करने फुली करा, म्हणजे पुढचा माणूस त्याच जागी ऐकेल. आवाज आधीपेक्षा मंद होत चाललाय, हीच खबर आहे, तो बंद होण्याची वाट बघायची नाही. पल्स ऑक्सिमीटर प्रत्येक ठिकाणी असतो. तो भाजलेल्या हाताच्या बोटाला लावा, मग दुसऱ्या हाताला. एका बाजूला ९८ आणि दुसऱ्या बाजूला ९० किंवा लहरच नाही, तर गंभीरपणे घ्या. मात्र बंद खोलीतल्या धुरात सापडलेल्या पेशंटमध्ये हा आकडा खोटं चांगलं दाखवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन मशीनला ऑक्सिजनवालंच वाटतं.

दोन्ही हात आणि दोन्ही पाय, चारही ठिकाणच्या नाड्या मंद असतील तर दोष हाताचा नाही, पेशंटला पाणी कमी पडतंय. आधी ते बघा.

हे सगळं दर तासाला, पहिले २४ तास नक्की, मोठ्या भाजण्यात ४८ तास. एक कागद खाटेला टांगा: वेळ, बोटांची हालचाल, ताणल्यावर दुखणं, डॉप्लर, ऑक्सिमीटर, सही. एकट्या तपासणीला फारसा अर्थ नसतो, अर्थ असतो तो चारच्या आणि आठच्या नोंदीतल्या फरकाला.

कंपार्टमेंटमधला, म्हणजे फॅसियाच्या आवरणातल्या स्नायूंच्या कप्प्यातला, दाब मोजायची सोय असेल तर उत्तम. खास मशीन नसेल तर आयसीयूतला आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर आणि १८ नंबरची सुई चालते, ट्रान्सड्यूसर त्या कंपार्टमेंटच्या पातळीला शून्य करून. सर्वसाधारण दाब १० मिमी पाऱ्याच्या आत असतो. ३० ओलांडला, किंवा डायस्टॉलिक बीपी आणि कंपार्टमेंटचा दाब यांतला फरक ३० च्या खाली आला, तर उघडायचं. डायस्टॉलिक ७० आणि आतला दाब ४५, फरक २५. डायस्टॉलिक ५० आणि आतला दाब फक्त २५, तरी फरक २५च. दुसरा पेशंट हमखास निसटतो, कारण २५ हा आकडा भीतीदायक दिसत नाही. आणि मशीन नाही म्हणून निर्णय अडकवू नये. गोल फिरलेला एस्कार, ताठ हात आणि बिघडत जाणारी लक्षणं एवढं पुरेसं आहे.

सलाइनचा हिशेब इथे का येतो

पार्कलँड फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो: ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. ६० किलोचा माणूस, ४० टक्के, म्हणजे २४ तासांत ९६०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन), त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्यापासूनचे, दवाखान्यात आल्यापासूनचे नाहीत. दोन तास उशिरा आला तर ४८०० मिली सहा तासांत, तासाला ८००. आता आगीने भाजलेल्या प्रौढांसाठी बरेच जण २ मिलीपासून सुरुवात करतात आणि लघवी पाहून वाढवतात. आकडा कोणताही घ्या, तो फक्त सुरुवातीचा. पुढचा हिशेब लघवीचा: प्रौढात तासाला किलोमागे अर्धा मिली, लहान मुलात साधारण १ मिली. लघवी तासाला ८०-९० होतेय आणि तरी बाटल्या त्याच वेगाने चालल्या आहेत, हे वॉर्डात वारंवार दिसतं. ते जास्तीचं पाणी हातापायांत, पोटात, फुप्फुसांत जाऊन बसतं. टक्केवारी काढताना नुसती लाल झालेली कातडी धरली की आकडा फुगतो, बाटल्या फुगतात आणि हातही फुगतो.

हात उशीवर हृदयापेक्षा थोडा वर ठेवणं सूज कमी करायला चांगलं, सलाइन स्टँडला स्टॉकिनेट (नळीसारखं सैल विणलेलं कापड) बांधून टांगता येतो. पण कंपार्टमेंट सिंड्रोमची शंका आली की हात हृदयाच्या पातळीला आणा. दर १० सेंटीमीटर उंचीला धमनीतला दाब साधारण ७-८ मिमीने घटतो, आणि आधीच गुदमरलेल्या स्नायूला ते परवडत नाही.

एस्कॅरॉटॉमी

हे काम प्रशिक्षित डॉक्टरचंच, पण ऑपरेशन थिएटरची वाट बघत बसायची गरज नाही. खाटेवर, स्वच्छ पद्धतीने, कॉटरी (रक्तस्राव थांबवायला विजेने डागणारं यंत्र) हाताशी ठेवून करता येतं. ‘एस्कारला जाणीव नसते, भूल कशाला’ हे अर्धसत्य आहे. कडेची कातडी आणि खालची चरबी व्यवस्थित दुखते. केटामीन किंवा मॉर्फिन द्या.

नातेवाइकांना आधी स्पष्ट सांगा की हात काढायचा नाहीये, कातडीला लांब चीर द्यायची आहे आणि ती उघडी दिसणार आहे. हे न सांगता ब्लेड घेतलं की बाहेर आरडाओरडा ठरलेला.

हात तळवा वर करून, शरीराच्या सरळ स्थितीत. हात आत वळलेला असताना रेघ आखली तर ती भलतीकडेच जाते, म्हणून आधी मार्करने आखा. चीर हाताच्या किंवा पायाच्या बाहेरच्या आणि आतल्या मध्यरेषेवर, चांगल्या कातडीत साधारण १ सेंटीमीटर शिरून सुरू आणि तसंच पलीकडे संपवायची. खोली एस्कारमधून चरबीपर्यंत, तेवढीच. नीट झालं तर कडा आपोआप दूर होतात आणि चरबी वर फुगून येते. फॅसिया दिसायला लागला तर तुम्ही जास्त खोल गेलात. चीर सांध्यावरून पार न्यावी लागते, कारण तिथेच कातडी सगळ्यात जास्त आवळते आणि तिथेच घाबरून थांबलं जातं.

धोक्याच्या जागा: कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नस, म्हणून चीर हाडाच्या उंचवट्याच्या पुढून. मनगटाला अंगठ्याच्या बाजूची रेडियल नसेची वरवरची शाखा. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या मानेवरून जाणारी पेरोनिअल नस, ती कापली की पाऊल कायमचं लोंबतं. घोट्याच्या आत पुढे सॅफिनस शीर, मागे पोस्टिरिअर टिबिअल धमनी आणि नस. या ठिकाणी खोली कमी ठेवा, ब्लेड हळू चालवा.

पंजाच्या पाठीवर मेटाकार्पल (तळव्यातल्या) हाडांच्या मधून चिरा. बोटांना गरज असेल तर तर्जनी, मधलं आणि अनामिका यांना करंगळीकडच्या कडेने, अंगठा आणि करंगळीला अंगठ्याकडच्या बाजूने, म्हणजे चिमटीत येणारी आणि टेबलावर टेकणारी कड वाचते. बोटांचं काम मात्र अनुभवी हाताकडेच द्यावं.

झाल्यावर बोट चिरेतून वरपासून खालपर्यंत फिरवा. कुठेतरी एखादी आवळलेली पट्टी राहिलेली असतेच, ती सोडा. मग डॉप्लर. सुधारणा नाही? दुसऱ्या बाजूची चीर. तरीही नाही? मग फॅसिओटॉमीचा विचार लगेच, सकाळच्या राउंडपर्यंत नाही.

रक्त सुरुवातीला कमी येतं आणि बीपी सुधारल्यावर अर्ध्या-एक तासात पट्टी भिजते. कॉटरी, शिरा बांधणं, अल्जिनेट ड्रेसिंग यांनी थांबतं. घट्ट दाबपट्टी बांधून थांबवाल तर केलेलं काम वाया.

विजेने भाजलेला हात वेगळा

संक्रांतीच्या दिवसांत तारेत अडकलेला पतंग काढणारी मुलं, गॅलरीजवळून गेलेल्या ११ किंवा २२ केव्हीच्या लाइनला लागलेली लोखंडी सळी, यार्डात उभ्या मालडब्यावर चढल्यावर बसणारा रेल्वेच्या २५,००० व्होल्टचा धक्का. अशा पेशंटच्या तळहातावर आठ आण्याएवढा काळा डाग असतो आणि बाकीची कातडी चांगली. आत हाडालगतचे स्नायू मात्र भाजलेले असतात. मनगट वाकून ताठ झालेलं असेल तर पुढची तपासणी लांबवू नका. इथे टक्केवारीवरून पाणी ठरवता येत नाही. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट असेल तर मेलेल्या स्नायूतून सुटलेलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात चाललंय. लघवी तासाला ७५ ते १०० मिली होईल एवढं पाणी द्या, ईसीजी लावा, पोटॅशियम बघा.

अशा हाताला थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन फॅसिओटॉमी लागते. पुढच्या बाजूला नागमोडी चीर, कार्पल टनेल (मनगटातला नस जाणारा अरुंद बोगदा) उघडूनच. खोलवरचे स्नायू, म्हणजे बोटं आणि अंगठा वाकवणारे आणि मनगटाजवळचा प्रोनेटर क्वाड्रेटस, उचलून बघितल्याशिवाय ऑपरेशन संपवू नये. वरचा स्नायू लालबुंद आणि खालचा उकडल्यासारखा पांढरट, असं चित्र विजेच्या केसमध्ये नेहमीचं. गुडघ्याखालच्या पायात चार कंपार्टमेंट, दोन चिरा, खोल मागचं कंपार्टमेंट सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं. स्नायू जिवंत आहे का हे रंग, घट्टपणा, चिमटा घेतल्यावर आकसणं आणि रक्त येणं यावरून ठरवतात, आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघावंच लागतं. रक्तपुरवठा परत सुरू होताच अडकलेलं पोटॅशियम आणि आम्ल एकदम रक्तात येतं, ते भूलतज्ज्ञाला आधी सांगून ठेवा.

दीड-दोन दिवस उलटलेले आणि स्नायू पूर्ण मेलेला असेल तर उघडणं फायद्याचं की जंतुसंसर्गाला दार उघडणं, यावर सर्जनांत मतभेद आहेत. तो निर्णय अनुभवी माणसाचा.

पाठवण्याआधी

शहापूर किंवा मुरबाडहून ऐरोलीपर्यंत, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, फोनाफोनी आणि बेड मिळणं धरून तीन-चार तास सहज जातात. हात आत्ताच बिघडतोय आणि एस्कॅरॉटॉमी येणारा डॉक्टर इथे आहे, तर करूनच पाठवा. येत नसेल तर बर्न्स युनिटच्या डॉक्टरला फोन लावा, हाताचे फोटो दोन्ही बाजूंनी पाठवा आणि त्यांच्या सांगण्यानुसार चाला.

सोबतच्या कागदावर हे असू द्या: भाजल्याची वेळ, कशाने, वीज असेल तर व्होल्टेज, आतापर्यंत गेलेलं सलाइन मिलीमध्ये, बाटल्यांमध्ये नाही, लघवी, दिलेलं वेदनाशामक आणि त्याची वेळ, शेवटचा डॉप्लर किती वाजता, कोणत्या जागी, चीर दिली असेल तर किती वाजता, काढलेल्या दागिन्यांची यादी आणि ते कोणाच्या ताब्यात दिले त्याची सही. शेवटची ओळ डॉक्टरांना फालतू वाटते, पण ती नसली की पुढच्या दवाखान्यात अर्धा तास त्याच भांडणात जातो.